वाळू काढायची घाई नको, मामाला सांगायची कर

*काका, गेल्या शनिवारी आम्ही सात जणी वेळासला कासवांची पिल्लं बघायला गेलो होतो. मामाचा कॅमेरा मागून नेला होता, त्याला १८-१३५ मिमीची झूम लेन्स. संध्याकाळी दोरीच्या अलीकडे पोटावर झोपून फोटो काढत होते. मागची गर्दी पुढे सरकली, कुणाचा तरी पाय पट्ट्यात अडकला आणि कॅमेरा तोंडावर कोरड्या वाळूत पडला. लेन्स तेव्हा पूर्ण लांब केलेली होती. मी लगेच ओढणीने काच पुसली आणि झूम आतबाहेर करून पाहिली. कर्रकर्र आवाज येतो आणि ५० च्या आसपास अडकते. मैत्रीण म्हणाली तांदळात ठेव, म्हणून घरी आल्यापासून तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. तिचा भाऊ म्हणतो व्हॅक्यूम क्लीनर लाव, दुसरा एक जण म्हणतो बिजागरीला मारतात तो स्प्रे मार. लेन्स उघडायचा व्हिडिओही पाहिला, सोपं वाटलं. मामाला अजून सांगितलेलं नाही. दहा दिवसांनी त्याच्या मित्राच्या मुलीचं लग्न आहे, फोटो तोच काढणार आहे. लेन्स उघडू का?*
*– वाळूत रुतलेली, सातारा*

अगं, आधी ती लेन्स तांदळाच्या डब्यातून बाहेर काढ. बाकीचं नंतर वाच.

तांदळाचा हा तोडगा भिजलेल्या मोबाइलपासून सुरू झाला आणि आता कशालाही लावतात. तुझी लेन्स भिजलेली नाही, तिच्यात वाळू गेली आहे. डब्यात कोरडा हात खुपस आणि काळ्या कापडावर झटक. जी पांढरी भुकटी पडेल ती तांदळाची पिठी. आत वाळू आहेच, तिच्या सोबतीला पिठी कशाला?

तुझं पत्र वाचताना मला पडण्याची फारशी काळजी वाटली नाही. कोरड्या, भुसभुशीत वाळूत हातभर उंचीवरून पडलेला कॅमेरा बहुतेक वेळा वाचतो. खरं नुकसान होतं ते पुढच्या दोन मिनिटांत, आणि आपल्याच हातून होतं. तू ओढणीने पुसलंस आणि झूम फिरवून पाहिलंस. दुरुस्तीच्या टेबलाशी बसून मी इतकी वर्षं काढली, पण ‘वाळूत पडल्यावर काहीच केलं नाही’ असं सांगणारं गिऱ्हाईक मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंही भेटलेलं नाही. त्यामुळे मनाला लावून घेऊ नकोस. फक्त आता थांब. झूम रिंग फिरवायची नाही, फोकस रिंग फिरवायची नाही, ‘बघू तरी चालू होतो का’ म्हणून बटण अर्धं दाबायचं नाही. बॅटरी काढून ठेव.

कारण सांगतो. तुझी लेन्स झूम करताना लांब होते. लांब झाली की आतली पोकळी वाढते आणि तेवढी हवा फटींतून आत ओढली जाते. आखूड केली की तीच हवा बाहेर पडते. लोहाराचा भाता असतो ना, तसं. पडली तेव्हा ती पूर्ण लांब होती, म्हणजे एरवी आत लपलेली नळी उघडी पडून वाळूने माखली. मग तू ती आतबाहेर केलीस. भात्याने श्वास घेतला आणि नळीवरची वाळू फटीतून आत गेली.

आत काय असतं? एकात एक बसणाऱ्या नळ्या असतात, त्यांना तिरप्या खाचा कोरलेल्या असतात आणि त्या खाचांमधून छोटे मणी धावतात, बहुधा प्लॅस्टिकचे. मणी गुळगुळीत सरकावेत म्हणून वंगण लावलेलं असतं. या वंगणात वाळू मिसळली की सहाण तयार झाली म्हणून समज. रिंग जितक्या वेळा फिरवशील तितक्या वेळा ते मणी तिच्यावर उगाळले जातील. ५० ला अडकते याचा अर्थ बहुतेक एखादा जाडसर कण मणी आणि खाच यांच्यामध्ये फसला आहे. जोर लावलास तर कण फुटणार नाही, मणी तुटेल. वाळूतला क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्स मापावर ७ ला बसतो. काच त्याच्या खाली, साडेपाच-सहाच्या आसपास. प्लॅस्टिकचं तर नावच घेऊ नकोस. किनाऱ्यावरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा पुष्कळ असतो आणि तो बिचारा मऊ, ३ च्या घरातला. पण चिमटीतल्या कणांत कोण शिंपला आणि कोण क्वार्ट्झ हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून सगळं क्वार्ट्झ धरून चालायचं.

कोकणच्या वाळूची आणखी एक गंमत आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या काळ्या खनिजाचे साठे आहेत, आणि किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत लोहचुंबकाला चिकटणारं मॅग्नेटाइटही सापडतं. लहानपणी आम्ही बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून काळ्या वाळूवरून ओढायचो, त्याला काळी दाढी फुटायची. काही लेन्सच्या फोकसच्या मोटरीत लोहचुंबक असतं. असे कण तिथवर पोचले तर ते फुंकरीने हलत नाहीत, उघडूनच काढावे लागतात. तुझ्या लेन्समध्ये तसं झालंय असं म्हणत नाही. फोकसची मोटर चालवू नकोस असं का म्हणतोय, ते सांगितलं.

आता मित्रमंडळींचे सल्ले. बिजागरीचा स्प्रे ज्याने सुचवला त्याच्या हातात पुढे कधी कॅमेरा देऊ नकोस. ते तेल पातळ असतं, फटीतून रांगत अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे आत येणारा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या पात्यांपर्यंत जातं आणि पाती एकमेकींना चिकटतात. वाळू काढायला गेलीस आणि दुसरं दुखणं घेऊन आलीस. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाशी घरभराची जुनी धूळ बसलेली असते आणि त्याची कडक नळी काचेवर आपटायला वेळ लागत नाही. डब्यातली दाबलेली हवा मिळते, तीही नको, तिच्या जोराने कण आणखी आत जातात. तोंडाने फुंकलं तर थुंकी उडते, आणि वाळूबरोबर ती काचेवर बसते. हेअर ड्रायरबद्दल तू विचारलेलं नाहीस, तरी सांगून ठेवतो, तोही नको.

मग घरी करायचं काय? बाहेरची वाळू काढायची, बस्स. पण ती नीट काढ, कारण दुकानात नेताना वाटेत तीच आणखी आत जाते.

जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथर, म्हणजे किती कण पडले ते दिसेल. पंखा बंद. हात धुऊन पूर्ण कोरडे कर. रबरी ब्लोअर आण. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो, नाहीतर औषधाच्या दुकानातला कान धुवायचा रबरी फुगाही चालतो. तो नवा असेल तर आधी दहा-बारा वेळा हवेतच दाबून घे, आतून पावडर निघते कधीकधी. कॅमेरा काचेचं तोंड जमिनीकडे करून धर आणि खालून तिरकी हवा मार. तोंड वर ठेवून कितीही हवा मारलीस तरी कण उडून परत तिथेच बसतात. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांनी लेन्स आकाशाकडे करून साफ केलेली असायची. मग नवा, कोरडा, मऊ ब्रश घे. लहान मुलांचा रंगांचा ब्रशही चालेल, रंगात बुडालेला नको. त्याने झूम रिंगच्या रबरावरच्या खाचा, रिंगच्या कडा आणि बाहेर आलेली नळी हलक्या हाताने झाड. ब्रश फटीपासून बाहेरच्या दिशेने ओढायचा, फटीकडे ढकलायचा नाही. पुन्हा हवा, पुन्हा ब्रश. चादरीवर नवा कण पडेनासा झाला की थांब. यात अर्धा तास जातो. टीव्ही बघत करू नकोस.

मामाने पुढे यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सवर आट्यांनी बसणारी जादा काच, लावला आहे का बघ. असेल तर तू नशीबवान, ओढणीचे ओरखडे त्याच्यावर गेले. पण आट्यांत वाळू असेल तर तो निघणार नाही, आणि पक्कड घेऊन मागे लागलीस तर लेन्सचीच कड वाकेल. जुन्या रबरी चपलेचा तळ धुऊन, वाळवून, फिल्टरच्या कडेवर सपाट टेकव आणि हळू फिरव. रबर सगळीकडून सारखं पकडतं आणि फिल्टर सुटतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण आम्ही दुकानातही हेच करायचो. मात्र झूमच्या नळीवर जोर येतोय असं वाटलं की सोडून दे.

फिल्टर नसेल तर ओढणीने काय केलं ते बघायला लागेल. खोलीतला दिवा बंद कर आणि मोबाइलचा टॉर्च काचेवर अगदी तिरका मार. बारीक रेघा असतील तर केसासारख्या चमकतील. दुसरं म्हणजे ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेत बघ. ते हिरवट-जांभळट दिसतं, तो काचेवरच्या थराचा रंग. जिथे रंग जाऊन पांढरं दिसतं तिथे थर खरवडला गेला आहे. रेघा दिसल्या तरी रडू नकोस. पुढच्या काचेवरची एखादी बारीक रेघ फोटोत उमटत नाही. समोर सूर्य किंवा हॅलोजन असेल तेव्हा थोडी धूसर चमक येईल, एवढंच. मागच्या, कॅमेऱ्याकडच्या काचेवर रेघ असती तर मी इतका निवांत राहिलो नसतो. आणि हो, कापड काचेला लावायचं ते सगळ्यात शेवटी, एकही कण उरला नाही याची खात्री झाल्यावर. लेन्सच्या द्रावणाचा एक थेंब कापडावर टाकायचा, काचेवर नाही. ओढणीत मुळात काही वाईट नव्हतं. वाईट होता तो ओढणी आणि काच यांच्यामध्ये सापडलेला कण.

बाहेरचं स्वच्छ झालं की लेन्स कॅमेऱ्यापासून सोडव. दोन्हींची तोंडं खाली, आणि झाकणं आधी हाताशी काढून ठेवलेली. लेन्सला मागचं झाकण लाव. मग कॅमेऱ्याच्या आत टॉर्चने फक्त डोकाव. सेन्सरला, म्हणजे जिच्यावर फोटो उमटतो त्या पाटीला, बोट लावू नकोस, कापूस नको, ब्रशही नको. तिथे बसलेला एक कण पुसलास तर ती रेघ पुढच्या प्रत्येक फोटोत येईल. मामाकडे दुसरी लेन्स असेल तर ती लाव, तेवढ्यापुरती बॅटरी घाल, अ‍ॅपर्चर १६ वर ने आणि दुपारच्या निळ्या आकाशाचा एक फोटो काढ. करडे ठिपके दिसले तर धूळ सेन्सरवर आहे. फोटोत ठिपका वर दिसत असेल तर सेन्सरवर तो खाली असतो, प्रतिमा उलटी पडते म्हणून. ठिपके मोठे आणि गडद असतील तर कॅमेराही लेन्सबरोबर दुकानात जाऊ दे.

आता तुझा मूळ प्रश्न. लेन्स उघडू का? नको.

व्हिडिओत सोपं दिसतं, कारण टेबलाखाली गेलेली स्प्रिंग शोधण्यात घालवलेला पाऊण तास त्यातून कापलेला असतो. जपानी लेन्सचे स्क्रू दिसतात साध्या चौफुली स्क्रूसारखे, पण त्यांचं माप जपानी प्रमाणाचं, जेआयएस. आपल्या घरातला स्क्रूड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. एकदा डोकं गेलं की तो स्क्रू ड्रिलनेच काढायचा. मागचं कडं काढलं की त्याखाली कधीकधी कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. त्यातली एक हरवली किंवा जागा बदलून बसली की दूरच्या वस्तूंचा फोकस बिघडतो. आणि कडं उचलताना विजेची चपटी पट्टी, कांद्याच्या पातीएवढी नाजूक, तुटली तर लेन्स कॅमेऱ्याशी बोलायचीच बंद होते. वाळूत पडलेली लेन्स दुरुस्त होते. घरी उघडून बिघडलेली लेन्स घेऊन कुणी आलं की आम्ही एकमेकांकडे बघायचो.

दुकानात खरं सांग. ‘आपोआप अडकली’ म्हणू नकोस. उघडली की पहिल्या नळीतच वाळू दिसते आणि मग तुझ्या बाकीच्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. कोरड्या वाळूत पडली की ओल्या, हे मुद्दाम सांग. लाटेचं पाणी लागलेलं असेल तर मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि गंज धरायला लागतो, तिथे दिवस मोजावे लागतात. तुझी कोरडी होती, म्हणजे घाई नाही. वॉरंटीची आशा धरू नकोस, पडझड आणि वाळू-पाणी तिच्यात सहसा बसत नाही. अंदाज लेखी माग, आणि नळी साफ करून देणार की बदलणार हे विचार. तशीच जुनी लेन्स बाजारात जितक्याला मिळते त्याच्या निम्म्याहून जास्त खर्च सांगितला, तर दुरुस्ती सोडून दे असं माझं मत. नेताना लेन्स ५० ला अडकली आहे तशीच ने, बंद करायला जोर लावू नकोस. आणि परत आणताना वर्तमानपत्राचं एक पान भिंतीला चिकटवून समोरून सरळ फोटो काढ. चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखी स्वच्छ दिसायला हवीत. एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच कलती बसली आहे, तिथल्या तिथे परत दे.

पुढच्या वेळचं थोडक्यात. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलीस ना? दुपारपासून संध्याकाळपर्यंत वारा समुद्राकडून येतो आणि कोरडी वाळू उडवत आणतो. पहाटे तो जमिनीकडून येतो, बहुधा मंद. वेळासला घरट्यांवरच्या टोपल्या सकाळीही उचलतात आणि संध्याकाळीही, तू सकाळची वेळ धर. कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, तिला लेन्सपुरतं भोक, वर रबर बँड. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही. पट्टा गळ्यात, पोटावर झोपलीस तरी. ती पिल्लं दीड फूट वाळू उकरून वर येतात आणि त्यांना काही होत नाही. आपल्या यंत्रांना ते जमत नाही.

आता मामा. पत्रात तू त्याला एकच ओळ दिली आहेस, पण मला वाटतं पत्र लिहिलंस ते त्याच ओळीसाठी.

१९९४ साली मी दाजींचा कॅमेरा मागून हर्णैला नेला होता. फिल्मचा जमाना. वाऱ्यात उभं राहून मी रोल बदलला. एक कण आत गेला असणार, मला कळलंही नाही. तसं कसं म्हणू, मागचं दार लावताना बारीक करकर ऐकू आली होती. घरी येऊन कॅमेरा पुसला, केसमध्ये ठेवला आणि ‘एकदम व्यवस्थित’ म्हणून परत दिला. दोन आठवड्यांनी भाचीचं बारसं. दाजींनी पूर्ण रोल काढला, मी घुगऱ्या वाटत होतो. फोटो धुऊन आले तर छत्तीसच्या छत्तीस फोटोंवर एक रेघ. आडव्या फोटोत आडवी, उभ्या फोटोत उभी. पाळण्यावरून, ताईच्या ओंजळीवरून, बाळाच्या कपाळावरून. फिल्म त्या कणावरून सरकत गेली होती, एकेक फोटो करत. ताईने विचारलं, ही रेघ कसली? दाजी म्हणाले, ‘फिल्म खराब निघाली.’ मी चहाचा कप तोंडाला लावला.

पुढे मी याच धंद्यात आलो तेव्हा एकदा त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘तेव्हाच कळलं होतं. मागच्या दाराच्या खाचेत वाळू होती. तू सांगशील म्हणून वाट बघितली.’ त्या मधल्या वर्षांत त्यांनी मला एकदाही कॅमेरा नाकारला नाही. मीच मागितला नाही.

तुझ्या मामालाही कळेल. झूम रिंगच्या रबराखालचे कण कुठल्याही ब्रशने पूर्ण निघत नाहीत, आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या बोटांना ते पहिल्याच वळणावर लागतात. तेही लग्नात, अक्षता पडत असताना. म्हणून आज रात्री फोन कर. फोटो पाठवू नकोस, मेसेज नको, फोन कर. मैत्रिणी, गर्दी, कुणाचा तरी पाय हे सगळं नंतर, त्याने विचारलं तर. आधी एवढंच सांग, ‘मामा, कॅमेरा माझ्या हातून वाळूत पडला. झूम ५० ला अडकते. बॅटरी काढून ठेवली आहे, उघडलेलं काही नाही. खर्च मी देणार, एकदम जमला नाही तर हप्त्याने. दुकान तू सांग.’ तो चिडेल. चिडू दे, मध्ये बोलू नकोस. लग्नाला अजून दहा दिवस आहेत म्हणून त्याच्या हातात काहीतरी आहे. आठव्या दिवशी सांगितलंस तर फक्त चिडणं उरेल.

लग्नापर्यंत दुरुस्ती होईलच असं धरू नकोस, सुटा भाग मागवावा लागला तर वेळ लागतो. पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. तू स्वतः जाऊन आण, एक दिवस आधी, म्हणजे मामाला ती लावून बघता येईल. भाडं तुझ्याकडून. आणि लग्नात त्याची बॅग धरायला जा. लग्नाच्या हॉलमध्ये मोकळ्या हाताचं माणूस फोटोग्राफरला केव्हाही हवंच असतं.

आणि तो तांदळाचा डबा. लेन्समधून जे सुटलं असेल ते आता त्यात आहे. आज-उद्या नीट निवडून, चाळून ठेव. भातात खडा दाताखाली आला, तर मामाच्या आधी आईला कळेल.